यान उडाले, सोबत राहिली
संकल्प रेड्डी यांचा तेलुगू चित्रपट ‘अंतरिक्षम् ९००० केएमपीएच’ (२०१८) मंचेरियलच्या मराठी मुलांनाही सहज कळतो. भरकटलेला ‘मिहिरा’ उपग्रह सावरायला देव आपल्या सहकाऱ्यांसह अंतराळात जातो. यान देखणे आहे. प्रेम मात्र उपरे वाटते. पार्वतीचा मृत्यू नायकाच्या दुःखापुरताच उरतो आणि सोबत असलेल्या रियाच्या मनात दिग्दर्शक डोकावतच नाही. तरीही तेलुगूने धाडस केले, हे मान्य करायला हवे. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ पारितोषिक घेऊन गेली. त्याला पन्नास वर्षे उलटली. तरुण प्रवाशांचे यान मराठीत अजून विरळाच. आपल्या मुलांनी आकाशाची स्वप्ने शेजारणीच्याच भाषेत पाहावीत काय?