पळ आणि विपळ

नाशिक रोडच्या आमच्या घरात समुद्र आहे तो भिंतीवर. हरिहरेश्वरच्या एकाच कातळाची तीन छायाचित्रे तिथे शेजारीशेजारी टांगली आहेत. काळभैरवाच्या देवळामागून प्रदक्षिणेच्या पायऱ्या ओहोटीच्या वेळी उतरून गेले, की समुद्राने कोरून कोरून जाळी पाडलेला काळा खडक लागतो, त्याची. जागा तीच, संध्याकाळ तीच. पालटत गेला तो शटर स्पीड.

पहिले चित्र सेकंदाच्या हजाराव्या भागाचे. सेकंदाला पाच मीटर वेगाने उडालेला थेंब एवढ्या अवधीत जेमतेम अर्धा सेंटिमीटर सरकतो, म्हणून तो थबकल्यासारखा दिसतो. आपण एरवी ‘तुषार’ या एका शब्दात जे उरकून टाकतो, त्यात चपटे, लांबुडके, शेपटीवाले, पातळ पापुद्र्याने एकमेकांना चिकटलेले असे किती कुळांचे थेंब नांदतात, हे इथे निवांत न्याहाळावे. १८५७ साली फ्रान्सच्या सेत गावी गुस्ताव्ह ल ग्रे या छायाचित्रकाराने लाट टिपली, तेव्हा आकाशासाठी वेगळी निगेटिव्हची काच आणि समुद्रासाठी वेगळी काच वापरून त्याला एक चित्र जुळवावे लागले होते. आपल्याला आज हे सारे एका बोटाच्या दाबात मिळते. तरीही या चित्रातले पाणी मला थोडे कोरडेच वाटते. त्यात लाट आहे, पण तिचे येणे नाही.

आता मधल्या चित्रापाशी जरा थांबू या. याचा अवधी ०.४ सेकंद, म्हणजे आपल्या जुन्या कालमापनातले नेमके एक विपळ! कॅमेऱ्याच्या चकतीवर घटिकापात्राच्या काळातले माप असे अवचित भेटावे, याची गंमत मला अजून ओसरलेली नाही. शटर स्पीडची बाराखडी मी गिरवली ती चेहेडीच्या बंधाऱ्यावर, दारणेच्या पाण्यावर. पण नदी एकाच दिशेने जाते. बटण आता दाबा की मिनिटभराने, पाण्याची तीच रेशमी लड हाती येते. समुद्राला मात्र येणे आणि जाणे अशा दोन चाली आहेत, आणि किती वेळ उघडायचे याइतकेच, केव्हा उघडायचे, हेही ठरवावे लागते. येणाऱ्या लाटेवर हेच विपळ खर्चले, तर नुसता पांढरा गोंधळ उरतो. लाट फुटून, कातळावर चढून, क्षणभर दम खाऊन माघारी वळली, की तेव्हा उघडावे. मग प्रत्येक खळग्यातून एकेक शुभ्र धागा सुटतो, उंचवट्याला वळसा घालतो, दुसऱ्या धाग्यात मिसळतो, आणि सगळे धागे समुद्राकडे ओढ घेतात. जणू खडकाची चढउतार पाण्याने स्वतःच्या हाताने रेखून दाखवावी. अनवाणी पायांखालून वाळू सरकताना टाचेला जी ओढ जाणवते, ती इथे डोळ्यांना जाणवते. या एका चित्रासाठी ट्रायपॉडचे पाय वाळूत रुतले, भिंगावर खाऱ्या पाण्याची पुटे चढली, आणि तीस-चाळीस लाटा वाया गेल्या. वाया कसल्या म्हणा, त्या पाहिल्याच की.

तिसरे चित्र २५ सेकंदांचे, म्हणजे एका पळाहून किंचित अधिक. प्रकाशमापकाने एक चाळीसांश सेकंद सांगितला होता. भिंगापुढे दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे जवळजवळ काळीच काच, लावली आणि तो अवधी हजारपट लांबला. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची अनेक दिवसांची वाढ फ्रेमीमागून फ्रेम टिपून पडद्यावरच्या काही क्षणांत दाखवली होती. त्यांनी प्रत्येक क्षण सुटा राखला. इथे तर आलेल्या-गेलेल्या साऱ्या लाटा एकमेकींवर अंथरल्या जाऊन त्यांचे धुके झाले आहे. असे धुके हल्ली फार स्वस्त झाले आहे, ही माझी कुरकुर. पण या चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, कातळाच्या टोकाला, गळ टाकून बसलेला एक माणूस आहे. समुद्र विरला, पण तो बसल्या जागी ठळक उरला आहे. पुसट झाला आहे तो फक्त त्याचा उजवा हात. त्या पळात त्याने गळाला झटका दिला असणार. मासा लागला की नाही, ते मात्र धुक्यात गेले.