लोणी लावलेले जंतू

पांढऱ्या पेशी पाठ्यपुस्तकात नेहमी सैनिक होऊन येतात. बर्नार्ड शॉच्या 'द डॉक्टर्स डायलेमा' या नाटकात मात्र त्या खवय्या आहेत. लंडनमध्ये १९०६ साली रंगभूमीवर आलेले हे नाटक विज्ञानशिक्षकांनी चिकित्सकपणे वाचावे असे आहे.

नाटकातील डॉ. रिजन हे पात्र शॉने आल्मरोथ राइट या शास्त्रज्ञावरून बेतले. रक्तद्रवातील काही पदार्थ जंतूंना चिकटतात आणि मग पांढऱ्या पेशी ते जंतू सहज गिळतात, असे राइट व डग्लस यांनी १९०३ मध्ये दाखवले. त्या पदार्थांना त्यांनी 'ऑप्सोनिन' म्हटले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ तोंडीलावणे! शॉ त्याला जंतूंवर लावलेले लोणी म्हणतो.

ही उपमा नुसती गमतीची नाही. मेचनिकॉफने १८८२ मध्ये तारामाशाच्या डिंभात भक्षकपेशी पाहिल्या, तेव्हापासून वाद होता: जंतूंशी लढते कोण, पेशी की रक्तद्रव? लोण्याच्या उपमेत दोघांनाही काम मिळते. १९०८ चे नोबेल मेचनिकॉफ आणि एर्लिख यांना विभागून मिळाले. हे लोणी म्हणजे मुख्यतः प्रतिपिंडे आणि पूरक प्रथिने, हे आज आपण जाणतो. उपमा टिकली.

कथानक मात्र टिकले नाही. ऑप्सोनिनची भरती-ओहोटी मोजून अचूक वेळी लस टोचली तर क्षय बरा होतो, चुकीच्या वेळी टोचली तर रोगी दगावतो, यावर सारे नाट्य उभे आहे. पुढे ही मोजणी भरवशाची ठरली नाही आणि उपचारही मागे पडला. वृद्ध डॉक्टर कलेन शंका काढतो खरा, पण कथानक रिजनचीच बाजू घेते. शॉ डॉक्टरांची टर उडवतो, सिद्धांताला मात्र तसे तपासत नाही.

तरीही बॉनिंग्टन हे पात्र आजचे वाटते. कोणताही रोग असो, भक्षकपेशींना चेतवा, एवढे एकच औषध त्याला ठाऊक. २०२० नंतर प्रतिकारशक्ती 'वाढवणाऱ्या' काढ्यांच्या आणि गोळ्यांच्या जाहिराती आठवाव्यात. प्रौढांत पांढऱ्या पेशी दर घनमिलिमीटरला साधारण ४ ते ११ हजार असतात. त्या वाढल्या म्हणजे माणूस बळकट झाला असे नव्हे. संसर्ग असेल, क्वचित रक्ताचा कर्करोगही.

नववी-दहावीच्या वर्गात लोण्याचा प्रवेश जरूर वाचावा. मग मुलांना विचारावे: यातले आज खरे काय उरले, आणि ते कशावरून?