'उचल्या' कुठल्या कप्प्यात ठेवायचं?

मराठी समीक्षेनं तुरुंगसाहित्य नावाचा एक कप्पा केलाय. त्यात विचारासाठी, देशासाठी आत गेलेला शिकलेला माणूस बसतो. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ ला आलं, १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कारही त्याला मिळाला. पण समीक्षकांनी ते ठेवलं भटक्या-विमुक्तांच्या जीवनदर्शनाच्या कप्प्यात. माझं म्हणणं असं, की हा कप्पाच चुकलाय. 'उचल्या' हे विनाअपराध अटकेवरचं पुस्तक आहे आणि तसंच ते वाचलं पाहिजे.

गायकवाड धनेगावचे, लातूर तालुक्यातले. १९८२ ला लातूर जिल्हा वेगळा निघाला. त्याआधी धनेगाव आणि आमचं येडशी एकाच उस्मानाबाद जिल्ह्यात. म्हणजे हे परमुलखातलं काही नाही. इथं विहारात आम्ही काही पोरं मिळून हे पुस्तक मोठ्यानं वाचतो. चोरीचे डाव आले की पोरं सरसावून बसतात. पोलीस घरात शिरले, कर्त्या माणसाला बडवलं, बायाबापड्यांनाही सोडलं नाही, असं आलं की गप्प होतात. सदाशिवपेठी वाचक मात्र डावांवरच रेंगाळला. त्याला खिसा कसा कापतात याचं नवल. फौजदार खिशात हात न घालणारालाही का उचलतो, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. चोरी सोडून शाळेत आणि पुढं सूतगिरणीत गेलेला माणूससुद्धा शिक्क्यातून सुटत नाही, हा या पुस्तकाचा गाभा आहे.

हा शिक्का आला कुठून? १८७१ ला इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यातही आला. अमुक जमातीत जन्मलास म्हणजे गुन्हेगार. नाव नोंदव, हजेरी दे, परवानगीशिवाय गाव सोडू नको. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत केली आणि त्यात बायकापोरांसकट माणसं कोंडली. मुंबई राज्यात कायदा १९४९ ला गेला, देशातून ३१ ऑगस्ट १९५२ ला. माणसं 'विमुक्त' झाली. पण १९५९ ला मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला आणि ठाण्यातली वही नव्या नावानं चालू राहिली.

मित्रहो, इथं थांबून विचार करा. स्थानबद्धतेचा कायदा काय म्हणतो? तू काय केलंस ते सोड, उद्या तू काय करशील त्यासाठी तुला आज आत टाकतो. या देशात हा न्याय आधी जातींवर चालवून बघितला, मग विचारांवर चालवला. १९७१ चा मिसा, १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा हे त्याचे पुढचे अवतार. आपल्या राज्याचा १९८१ चा एमपीडीए बघा. त्याच्या नावातच 'झोपडपट्टीदादा' आहे! बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येतं. बंगल्यातला दादा त्या नावात नाही.

१९७५ ला आणीबाणी आली तेव्हा पांढरपेशा घरात मध्यरात्री पहिल्यांदा पोलीस आले, आणि मराठी साहित्याला स्वातंत्र्याची किंमत कळली. दुर्गाबाई भागवतांनी त्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात उभं राहून विरोध केला. ते धैर्य मोठंच, त्याला नकार नाही. आणि आपलं घरही झाकून ठेवू नका. नामदेव ढसाळांनी तेव्हा इंदिरा गांधींची बाजू घेतली होती. पण पारध्याच्या पालावर मध्यरात्रीचा पोलीस काही १९७५ ला नवा नव्हता आणि १९७७ ला तो परतही गेला नाही. २०१८ ला राज्य सरकारनं आणीबाणीतल्या बंद्यांना मानधन सुरू केलं. पिढ्यान्‌पिढ्या हजेरी दिलेल्यांना कुणी मानधन विचारलंय?

त्याच २०१८ च्या जूनमध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे यांना यूएपीएखाली उचललं. आधी २०११ ला त्यांना असंच आत टाकलं होतं, २०१४ ला ते निर्दोष सुटले. या वेळी जामीन मिळायला जानेवारी २०२५ उजाडलं, आणि तोवर आरोपसुद्धा निश्चित झाले नव्हते. आनंद तेलतुंबडे यांना १४ एप्रिल २०२० ला, भीमजयंतीच्या दिवशी, अटकेत जावं लागलं. यूएपीएत २००८ ला घातलेल्या कलमानं जामीन जवळजवळ बंद केलाय. खटला हीच शिक्षा! आणि जुलै २०२५ मध्ये विधिमंडळानं जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्यात बोललेला, लिहिलेला शब्दसुद्धा बेकायदेशीर कृत्य ठरू शकतो. संघटना सरकारनं बेकायदेशीर ठरवायची, नंतर सल्लागार मंडळानं बघायचं. नामांतरासाठी मराठवाड्यात जेल भरणाऱ्या आपल्या बापजाद्यांना या व्याख्येत बसवून बघा.

काही पोरं विचारतात, घटनेतच कलम २२ मध्ये स्थानबद्धता आहे, मग बोलायचं कशाला? कलम नीट वाचा. १५ सप्टेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी घटनासमितीत ते मांडलं ते संरक्षण म्हणून. अटकेचं कारण सांगा, वकील द्या, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढं उभं करा. स्थानबद्धता तीन महिन्यांपुढं न्यायची तर सल्लागार मंडळापुढं जा. सरकारनं त्यातली सवलत तेवढी उचलली. संरक्षण उचलायचं काम आपलं.

कारण मार अजून तिथंच पडतोय. डिसेंबर २०२४ ला परभणीत घटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंद झाला, पोलीस वस्त्यांत घुसले. पकडलेल्यांतला वडार समाजातला, कायदा शिकणारा एक तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मेला. वडार ही विमुक्त जमात. आदल्याच ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तुरुंग नियमावल्यांतलं जातीवरचं कामवाटप घटनाबाह्य ठरवलं होतं, आणि विमुक्तांना जन्मानंच सराईत गुन्हेगार धरणं चालणार नाही असंही सांगितलं होतं.

म्हणून 'उचल्या' आता मोर्चातल्या पोरांनी वाचावं. नागरी स्वातंत्र्याची लढाई वकिलांच्या सभागृहात सुरू झाली असं समजू नका, ती पालावर सुरू झाली. आणि नुसतं वाचून भागणार नाही. तुमच्या वस्तीतून कुणाला उचललं तर तारीख, वेळ, ठाणं, नेणाऱ्याचा बिल्ला लिहून ठेवा. अटकेचा पंचनामा मागा, नातेवाइकाला कळवलं का विचारा. १९९६ च्या डी. के. बसू निकालानं हा हक्क दिलाय. पारध्याला उचललं तरी लिहा, आपल्या जातीचा नाही म्हणून वही मिटू नका. समीक्षक त्या वहीला साहित्य म्हणोत न म्हणोत. कोर्टात ती वाचली जाईल.