अत्यवस्थ रुग्णाचे पद्धतशीर मूल्यमापन व प्रारंभिक उपचार : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णाची प्रकृती बहुधा एकाएकी ढासळत नाही. हृदयक्रिया बंद पडण्यापूर्वी अनेकदा काही तास आधीच श्वासाचा वेग, नाडी, रक्तदाब व शुद्धी यांत बदल दिसू लागतात. हे बदल वेळीच टिपून उपचार सुरू करणाऱ्या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

क्रमाचे महत्त्व :
१९७६ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात अस्थिशल्यविशारद जेम्स स्टायनर यांचे विमान कोसळले. पत्नी दगावली, मुले जखमी झाली. स्थानिक उपचारांतील उणिवांच्या या अनुभवातून १९७८ मध्ये अपघातग्रस्तांच्या उपचारांचा प्रशिक्षणक्रम सुरू झाला. श्वसनमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, मज्जासंस्था आणि शेवटी संपूर्ण शरीराची तपासणी, असा त्यातील क्रम. जे आधी जीव घेते ते आधी हाताळावे, निदानासाठी थांबू नये, हे त्यामागील तत्त्व होय. पूर्वेतिहास, तपासणी, निदान आणि मग उपचार या रूढ परिपाठाला त्याने छेद दिला.

गुणांकन आणि प्रतिसाद :
१९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लिश अभ्यासात अतिदक्षता विभागात दाखल होण्यापूर्वी १०० रुग्णांना मिळालेली शुश्रूषा तपासण्यात आली. परीक्षकांच्या एकमताने ती केवळ २० रुग्णांच्या बाबतीत योग्य, तर ५४ रुग्णांच्या बाबतीत अपुरी ठरली. पुढे २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये ‘नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर’ आला व २०१७ मध्ये तो सुधारण्यात आला. त्यात एकूण गुण ५ झाल्यास तातडीची तपासणी आणि ७ किंवा अधिक झाल्यास आपत्कालीन प्रतिसाद अपेक्षित आहे.

तथापि, धोका ओळखणे आणि त्यावर कृती होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ऑस्ट्रेलियातील २३ रुग्णालयांच्या अभ्यासात (२००५) आपत्कालीन वैद्यकीय पथकांना येणारी बोलावणी वाढली. परंतु हृदयक्रिया बंद पडणे, अनपेक्षित मृत्यू व अनियोजित अतिदक्षता प्रवेश यांच्या एकत्रित प्रमाणात लक्षणीय घट आढळली नाही. निकष पूर्ण होऊनही अनेकदा पथकाला बोलावले गेले नव्हते. येथे दोष कोष्टकाचा नसून, कनिष्ठाने वरिष्ठाला बोलावण्यातील संकोचाचाही असू शकतो. अशा पथकांच्या निकषांत ‘कर्मचाऱ्यास वाटणारी चिंता’ हे स्वतंत्र कारण मानले गेले, ही बाब म्हणूनच महत्त्वाची ठरते.

आकड्यांची विश्वसनीयता :
गुणांकन नोंदीइतकेच खरे असते. श्वासाचा वेग पूर्ण मिनिटभर न मोजता अंदाजाने लिहिला, तर सर्वांत आधी इशारा देणारे लक्षणच हरवते. यंत्रही निर्दोष नाही. २०२० मधील अमेरिकन अभ्यासात, पल्स ऑक्सिमीटरने न पकडलेली प्राणवायूची कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत गौरवर्णीयांच्या तुलनेत सुमारे तिप्पट वेळा आढळली. भारतीयांच्या त्वचेच्या विविध छटा लक्षात घेता हा प्रश्न येथेही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

निष्कर्ष :
पद्धतशीर मूल्यमापन घाईच्या क्षणी विचारांना शिस्त लावते, हे निर्विवाद आहे. मात्र गुणांक हा इशारा आहे, निर्णय नव्हे. भारतीय रुग्णालयांनी ही पद्धती स्वीकारताना केवळ तक्ते छापून भागणार नाही. रात्रपाळीतील परिचारिकेने हाक दिल्यास कोणी, किती वेळात यावयाचे, हे आधी ठरले पाहिजे. ती हाक देण्याचा तिचा अधिकार निःसंदिग्धपणे मान्य होईल, तेव्हाच तक्त्यावरील आकड्याला अर्थ प्राप्त होईल.