लान्सारोतेमधील विश्रामवास्तू

स्पेनच्या कॅनेरी बेटांपैकी लान्सारोतेचा बराच भाग १७३०–३६ मधील ज्वालामुखी उद्रेकांत लाव्ह्याखाली गेला. या रूक्ष, वाऱ्याने झोडपलेल्या भूमीवर चित्रकार सेसार मान्रीके (१९१९–९२) याने सहकाऱ्यांसह पर्यटकांसाठी ज्या विश्रामवास्तू उभारल्या, त्यांत इमारतीपेक्षा भूरूपाला प्राधान्य आहे. मिरादोर देल रीओ (१९७३) ही त्यांतील सर्वांत सरस रचना. सु. ४७५ मी. उंच कड्याच्या माथ्यात ती खोदून बसविली असून बाहेरून जवळजवळ दिसतच नाही. बंदिस्त, नागमोडी मार्गिकेतून आत आलेल्या प्रेक्षकापुढे रुंद काचांतून एकदम समुद्र व ला ग्रासिओसा बेट उलगडते. तीमान्फाया येथील एल दियाब्लो उपाहारगृहात (१९७०) भूगर्भातील उष्णतेवर अन्न भाजतात. ही क्लृप्ती काहीशी नाटकी असली, तरी वर्तुळाकार काचभिंतीची योजना तेथील उघड्या परिसरास समर्पक आहे. हामेओस देल आग्वा या लाव्हा-बोगद्यातील रचनेबाबत मात्र असे म्हणता येत नाही. तेथील पांढराशुभ्र कृत्रिम तलाव काळ्या खडकाशी विरोध साधतो खरा. पण तो गुहेवर लादलेला वाटतो. शिवाय बोगद्यातील नैसर्गिक खाऱ्या जलाशयात लहान, पांढरे, अंध खेकडे राहतात. पर्यटकांनी टाकलेली नाणी पाण्यात गंजून त्यांना अपाय करतात. त्यामुळे नाणी टाकण्यास तेथे मनाई करावी लागली.