दृष्टिरेषा आणि संगणकाची साक्ष

लंडनजवळील रिचमंड पार्कांत किंग हेन्रीज् माउंड या नांवाचें एक टेकाड आहे. इ. स. १५३६ च्या मे महिन्यांत ॲन बोलीनच्या शिरच्छेदाची खूण पाहण्यास आठवा हेन्री येथें उभा होता, अशी आख्यायिका आहे. त्या सायंकाळीं तो विल्टशरांत होता, तेव्हां ती टिकत नाहीं. परंतु येथून सुमारें १० मैलांवरील सेंट पॉल्सचा घुमट झाडींतील फटींतून दिसतो, ही गोष्ट कोणासही पडताळतां येते. हें दृश्य नियमांनीं संरक्षित आहे. असें असतां इ. स. २०१६ मध्यें घुमटाच्या मागें स्ट्रॅटफर्ड येथील ४२ मजली मनोऱ्यानें डोकें वर काढलें.

नियोजित इमारत कोठून दिसेल हें आतां संगणकानें आधींच वर्तवितां येतें, मग हें घडलें कसें? गणितास दोष देणें आम्हांस मान्य नाहीं. भूपृष्ठाच्या उंचींचें कोष्टक घेऊन संगणक डोळ्यापासून प्रत्येक बिंदूपर्यंत रेषा ओढतो. मध्यें कांहीं आडवें आलें कीं तो बिंदु अदृश्य ठरतो. पृथ्वीच्या वक्रतेमुळें १६ किलोमीटरांवरील वस्तु सुमारें २० मीटर व २३ किलोमीटरांवरील सुमारें ४१ मीटर खालीं जाते, आणि वक्रीभवनानें त्यांतील जवळजवळ सातवा हिस्सा भरून निघतो, हेंही त्यांत धरतां येतें.

दोष प्रश्नांत आहे. उघड्या जमिनीचें कोष्टक दिलें तर झाडीच नाहींशी होते. झाडी भरीव धरली तर माणसांनीं राखलेली फट बुजते व घुमटही अदृश्य ठरतो! याहून मोठी उणीव अशी कीं, मनोऱ्यानें घुमटाचा तिळमात्र भागही झांकलेला नाहीं. ‘घुमट दिसतो काय?’ या प्रश्नास प्रतिमान पूर्वींप्रमाणेंच ‘होय’ म्हणेल. गेली ती घुमटामागील आकाशाची मोकळीक, आणि कोष्टकांत तिला घर नाहीं. त्यांतच संरक्षित पार्श्वभूमीची नकाशावरील मर्यादा घुमटापलीकडे सुमारें ७ किलोमीटरांवरील स्ट्रॅटफर्डपर्यंत पोंचतच नव्हती. दृष्टि अशी मर्यादा पाळीत नाहीं.

प्रतिमानावरून काढलेलीं रंगीत चित्रें पाहून आजचे अधिकारी निर्धास्त होतात. रुंद कोनाच्या भिंगानें घेतलेल्या छायाचित्रांत दूरचा मनोरा काडीएवढा दिसतो, हें त्यांस कोणी सांगत नाहीं. अस्सल कागद व त्याची नक्कल यांत आम्ही जो भेद करतों, तो येथेंही केला पाहिजे. म्हणून अशा प्रत्येक चित्राबरोबर पाहणाऱ्याचें स्थान, डोळ्याची उंची, भिंग, झाडी धरली कीं वगळली, व हिशेब किती अंतरावर थांबविला, इतकें तरी छापलें जावें, आणि परवानगीपूर्वीं कोणा त्रयस्थानें त्या टेकाडावर प्रत्यक्ष उभें राहून तें ताडून पाहावें.