वाट कोणी सोडायची? 'वहिवाट' हा शब्द हाताशी धरून केलेलं वाचन

संशोधनाचा विषय शोधताना आपण लगेच 'सत्ता', 'अस्मिता' असल्या भारदस्त संकल्पनांकडे धावतो. त्याऐवजी एखादा रोजचा शब्द धरून बघा. आज 'वहिवाट' घेऊ.

बांधावरच्या भांडणात हा शब्द तुम्ही ऐकला असेल. दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा हक्क. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम १५ सांगतं की अशी वाट २० वर्षं उघडपणे, शांततेत, अखंड आणि 'हक्क म्हणून' वापरली, तर हक्क पक्का होतो. शेवटची अट नीट वाचा. मालकाची परवानगी घेऊन कोणी पन्नास वर्षं चाललं, तरी हक्क तयार होत नाही. विचारून चालणाऱ्याची वहिवाट होत नाही!

आता साहित्याकडे वळू. तिठ्यावर इडिपसला रथातला म्हातारा रस्त्यातून ढकलतो, आणि त्यात इडिपसच्या हातून त्याचाच बाप मारला जातो. महाभारताच्या आदिपर्वात अरुंद वाटेवर राजा कल्माषपाद आणि वसिष्ठपुत्र शक्ती समोरासमोर येतात. कोणीच सरकत नाही. राजा चाबूक मारतो, शक्ती शाप देतो. हे प्रसंग आपण नियती किंवा अहंकार म्हणून वाचतो आणि पुढे जातो. पण दोन्हीकडे भांडण होऊ शकतं, कारण दोघांनाही वाट आपलीच वाटते.

मुल्कराज आनंद यांच्या 'अनटचेबल' (१९३५) या कादंबरीतला बखा इथे वेगळा पडतो. बाजारात त्याचा एका माणसाला धक्का लागतो. शिव्या, गर्दी, शेवटी थोबाडीत. त्याचा गुन्हा काय, तर 'मी येतोय' अशी आरोळी त्याने दिली नाही. थप्पड खाल्ल्यावर तो आरोळी देत चालू लागतो. माझ्या मते कादंबरीचं मर्म थपडेपेक्षा या आरोळीत आहे. रस्ता त्याला बंद नाही. पण प्रत्येक पावलाला त्याला जणू परवानगी मागावी लागते, म्हणून पिढ्यानपिढ्या चालूनही त्याची वहिवाट होत नाही.

तुम्ही म्हणाल, बाजाराचा रस्ता सार्वजनिक, तिथे कलम १५ कुठून आलं? बरोबर. कायदा म्हणून ते तिथे लागू नाही. मी फक्त त्यातला 'विचारून की हक्काने' हा फरक उसना घेतोय. संकल्पना उसनी घेताना ती कुठे थांबते, हे प्रबंधात लिहायलाच हवं.

आणि वहिवाट नेहमी दुबळ्याच्या बाजूने असते असंही समजू नका. महाडचं चवदार तळं नगरपालिकेने १९२४ मध्ये ठरावाने सर्वांना खुलं केलं होतं. तरी २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना हजारोंसह तिथे जाऊन पाणी प्यावं लागलं. मग सवर्णांनी कोर्टात दावा लावला तोच मुळी परंपरागत वहिवाटीचा. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला, कारण अशी प्राचीन रूढी त्यांना सिद्ध करता आली नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कथेत रस्ता आला की तीन गोष्टी टिपून ठेवा. कोण सरकतं? कोणाला विचारावं लागतं? आणि 'पूर्वापार असंच आहे' हे कोण म्हणतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, की पुरावा मागा.